खेळाची किंमत किती असावी?

मंडळी, किमतीची गोष्ट निघाली की कवीने गप्प बसावे, हे बरे. कवितासंग्रहावर किंमत छापलेली असते आणि संग्रह भेट म्हणून वाटले जातात, हा आमचा व्यवहार! तरीही आज एका खेळाच्या किमतीविषयी बोलायचे आहे. कारण तो प्रश्न शेवटी पुस्तकापर्यंतच येऊन पोहोचतो.

जपानमधल्या क्योतो शहरात १८८९ साली पत्ते बनवणारी एक कंपनी सुरू झाली. तिचे नाव निन्टेंडो. या कंपनीने २०१७ साली 'स्विच' नावाचे खेळयंत्र काढले. घरी असताना टीव्हीला जोडायचे, बाहेर पडताना उचलून हातात घ्यायचे, असे हे दुहेरी यंत्र. जून २०२५मध्ये त्याचा पुढचा अवतार, 'स्विच २' आला. अमेरिकेत त्याची किंमत ४५० डॉलर ठेवली गेली. त्यावरही कुरकुर झाली. पण मोठी ओरड उठली ती त्याच्याबरोबर आलेल्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड' या शर्यतीच्या खेळावरून. पूर्वी असे मोठे खेळ साधारण ६० डॉलरला मिळत. हा ८० डॉलरला! कंपनीच्या थेट प्रक्षेपणात प्रेक्षकांनी 'किंमत उतरवा'चा नुसता पाऊस पाडला.

कंपनीच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहू. महागाई धरली तर २०१७चे ६० डॉलर म्हणजे २०२५चे जवळजवळ ७९ डॉलर. शिवाय १९९०च्या दशकात काही खेळ ७०-८० डॉलरला विकले जातच होते. म्हणजे भाव नवा नाही. पण तेव्हा किमतीतला मोठा वाटा कार्ट्रिजमधल्या महागड्या चिपचा असे. आज खेळ इंटरनेटवरून उतरवून घेता येतो. खरा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतचा. पुढच्या प्रतींना जवळजवळ काहीच लागत नाही. याच मालिकेतला आधीचा खेळ ६ कोटींहून अधिक विकला गेला आहे. म्हणजे किंमत खर्चावरून ठरत नाही, गिऱ्हाईक किती सोसेल यावरून ठरते.

याच्या उलट उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या 'टीम चेरी' या चिमुकल्या चमूने सप्टेंबर २०२५मध्ये 'सिल्कसाँग' हा खेळ याही यंत्रासाठी आणला. वर्षानुवर्षे खपून केलेला, आणि किंमत २० डॉलर! गर्दी अशी उसळली की विक्रीची संकेतस्थळे काही काळ कोलमडली. अर्थात, लहान चमूला जे परवडते ते शेकडो माणसांना पगार देणाऱ्या कंपनीला परवडेलच असे नाही.

मला मात्र आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ८० डॉलर देऊन हाती काय येते? 'स्विच २'च्या काही खेळांच्या डबीत जे कार्ड असते, त्यात पूर्ण खेळ नसतोच. असते ती फक्त किल्ली. खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो. उद्या तो पुरवठा थांबला तर नुसती किल्ली घेऊन काय करायचे? याच कंपनीने आपल्या दोन जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री मार्च २०२३मध्ये बंद केली आहे. युरोपात 'मारिओ कार्ट वर्ल्ड' डाउनलोड केला तर ८० युरो आणि डबीतला घेतला तर ९० युरो. वरचे १० युरो कशाचे? हातात धरता येणाऱ्या, मित्राला देता येणाऱ्या, पुढे विकता येणाऱ्या वस्तूचे.

आमच्याकडे एखादा मुलगा ईदीचे पैसे साठवून बॅट घेतो, आणि तिने सगळा मोहल्ला खेळतो. पुस्तकाचेही तसेच. एक प्रत दहा हातांतून फिरते, रद्दीच्या दुकानातून पुन्हा नव्या घरी जाते. वस्तूची किंमत या फिरण्यात वसूल होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. पूर्ण खेळ कायमचा आपल्या मालकीचा होणार असेल, तर मोठ्या कामाचा मोठा दाम देण्यात वावगे नाही. पण केवळ खेळण्याची परवानगी मिळणार असेल, तर भाव परवानगीचाच लावावा. मालकीचे पैसे घेऊन परवानगी देणे, हा खेळ मात्र बरोबरीचा नाही.