मुलाम्याखालचा धातू

आमच्या परिचयातील एका पेढीने युरोपात नकली दागिन्यांची खोकी पाठविली. नग सुबक, दर वाजवी, बीजक चोख. तरीही माल परत आला. कानातल्या डुलांच्या तारेतून मर्यादेपेक्षा अधिक निकेल सुटत होते. डूल पेढीनेच घडविले होते. तार मात्र बाहेरून घेतलेली, आणि ती कशाची आहे हे कोणी विचारलेच नव्हते.

निकेलमुळे कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते; आणि एकदा जडलेली ही व्याधी सहसा जात नाही. म्हणून युरोपीय संघाने १९९४ सालीच त्यावर बंधन घातले. टोचलेल्या कानात घालावयाच्या भागातून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमहून, आणि हार-बांगड्यांसारख्या अंगाला दीर्घकाळ लागणाऱ्या जिनसांतून ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. या जिनसांवर मुलामा असल्यास नित्याच्या वापरात किमान दोन वर्षे त्याने ही मर्यादा राखली पाहिजे. आपल्याकडे दोन वर्षांची हमी कोण मुलामेवाला देतो, हे बंधूंना ठाऊक आहेच! शिसे वजनाच्या ०.०५ टक्क्यांहून कमी हवे, आणि तेही साऱ्या दागिन्याच्या सरासरीने नव्हे, तर प्रत्येक भागाचे स्वतंत्र मोजून. एक कडी चुकली, तरी अख्खा हार बाद. धातूतील कॅडमियमची मर्यादा तर ०.०१ टक्काच आहे.

काही सभासद पाकिटावर ‘सीई’ खूण छापून निर्धास्त होतात. ती खूण खेळणी, विजेची उपकरणे अशा ठराविक मालासाठी असते. दागिन्यावर ती छापणेच नियमबाह्य होय.

१३ डिसेंबर २०२४ पासून आणखी एक नियम लागू झाला. मालाची जबाबदारी घेणारी व्यक्ती वा पेढी संघाच्या हद्दीत असल्यावाचून तेथील ग्राहकास असा माल विकता येत नाही. तिचे व उत्पादकाचे नाव-पत्ते मालासोबत द्यावयाचे आणि उत्पादकाने तांत्रिक कागदपत्रे १० वर्षे जपावयाची. तेथील आयातदार असला तर ही जबाबदारी बहुधा त्याच्याकडे जाते. घरबसल्या थेट ग्राहकाकडे नग धाडणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना मात्र ती व्यवस्था स्वतःच करावी लागेल.

माल परत आलेल्या त्या पेढीकडे चाचणीचा दाखला होता, हे आम्हांस मागाहून कळले. तो आदल्या वर्षीच्या तारेचा होता. आता तेथे तारेचे नवे वेटोळे आले, की आधी तुकडा तपासणीस जातो. उत्तर येईपर्यंत कारागिराचे हात रिकामे राहिले तरी चालतात.