इर्शाळवाडीवर न पोहोचलेले हेलिकॉप्टर

पनवेलहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघाले की चौकजवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात निसरड्या पायवाटेने वर गेली. ही चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. वर पोहोचलेल्यांनी फावडी-घमेल्यांनी माती उपसली. खोदयंत्र न्यायचे तर हवेतूनच. सांताक्रूझला हवाई दलाची हेलिकॉप्टर तयार होती, पण खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. चौथ्या दिवशी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते, ५७ जण बेपत्ताच राहिले.

अशा वेळी चिनूकची आठवण निघते. २०१९ पासून हवाई दलात असलेल्या या हेलिकॉप्टरला परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे दोन मोठे पंखे आहेत. शेपटीकडे वेगळा पंखा लागत नाही, त्यामुळे इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद वजन उचलण्याच्या कामी येते. सुमारे १० टन भार पोटाखाली टांगून नेता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलक्यारा बोगद्यातून सुटलेल्या ४१ कामगारांना चिनूकनेच ऋषिकेशच्या एम्समध्ये नेले. पण तेव्हा आकाश मोकळे होते. सह्याद्रीत दरडी कोसळतात त्या नेमक्या डोंगर ढगात बुडालेले असताना. शिवाय चिनूकच्या पंख्यांचा वारा इतका जबर असतो की ताज्या, सैल दरडीच्या अगदी वर तो आणणेही धोक्याचे.

यंत्राची घाई कशासाठी, हे वैद्यकीय अंगाने पाहावे. मांडीवर दगड किंवा तुळई तासन्‌तास पडून राहिली की स्नायू मरू लागतात. त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन दाबामुळे तिथेच अडकते. भार उचलताच दोन्ही रक्तात उतरतात. पोटॅशियममुळे हृदयाची लय बिघडते, मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होतात. आत असताना बोलणारा माणूस बाहेर काढल्यावर दगावतो तो यामुळे. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील अशा रुग्णांचे वर्णन बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये केले. याला ‘क्रश सिंड्रोम’ म्हणतात.

म्हणून दगड हलवण्याआधीच, एक हात जरी बाहेर दिसत असला तरी, शिरेतून सलाइन सुरू करायचे असते. साधे सलाइनच, रिंगर लॅक्टेट नको, कारण त्यात पोटॅशियम असते. प्रौढाला पहिल्या तासांत ताशी सुमारे एक लिटर. म्हणजे दोन तासांच्या सुटकेला अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, दोन किलो ओझे. एवढे पाठीवरच्या पिशवीतून पायवाटेने वर जाते, ढग असले तरी.