उद्याची थंडी आज वाचा, कुंडीतली झाडे वाचवा



मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की रानातला गहू जोमाने फुटतो, हरभऱ्याला घाटे धरतात आणि आपण समाधानाने म्हणतो, "यंदा थंडी चांगली आहे." पण त्याच घराच्या परसात कुंड्यांत, पत्र्याच्या डब्यांत आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत काही फळझाडे उभी असतात. पावसाळ्यात लावायची म्हणून राखलेली आंब्याची कलमे, पपईची रोपे, कागदी लिंबाचे झाड, डाळिंबाच्या गुट्या, अंजिराची फाटेकलमे. गव्हाला मानवणारी थंडी यांच्यावर मात्र उलटते.

एका रात्रीत पपईची पाने उकडल्यासारखी होऊन लोंबतात. आंब्याची कोवळी पालवी दोन दिवसांत काळी पडते. विकतचे कलम गेले तर पैसा जातो आणि लागवडीचे एक वर्षही जाते. त्यातून बांधावरचा जुना आंबा वठत चालला असेल आणि त्याच्या काड्या आणून घरीच चार कलमे बांधली असतील, तर ती गेल्यावर कोणत्याही रोपवाटिकेत परत मिळायची नाहीत. आजोबांच्या हातचा आंबा तिथेच संपतो.

ही झाडे वाचवायला खर्च फार नाही. गोणपाट घरात आहे, पाचट रानात आहे, पाणी विहिरीत आहे. उणीव असते ती वेळेवर कळण्याची. आणि हवामान विभागाचा अंदाज नीट वाचता आला तर तेही एक दिवस आधी कळते.

आपल्याकडे एवढी थंडी पडते का?

महाराष्ट्र उष्ण मुलूख म्हणून आपण गाफील राहतो. पण पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली. त्याच आठवड्यात द्राक्षाच्या निफाड तालुक्यातही कडाका पडून पारा दोन अंशांच्या आसपास गेला होता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तर गवतावरचे दव गोठून पांढरे झालेले अनेक हिवाळ्यांत पाहायला मिळते.

ही थंडी उत्तरेकडून येते. हिमालयाच्या बाजूने पावसाळी वातावरणाचा एक पट्टा पुढे सरकून गेला की त्याच्या मागून कोरडे गार वारे खाली उतरतात. दोन-तीन दिवसांत आभाळ मोकळे होते, वारा पडतो आणि खरा कडाका सुरू होतो. म्हणून उत्तरेत बर्फ पडल्याची बातमी रेडिओवर ऐकली की आपण इकडे सावध झालेले बरे.

कुंडीतले झाड जास्त का गारठते?

जमिनीतल्या झाडाच्या मुळांवर मातीचे जाड पांघरूण असते. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर थोडी थोडी ऊब देत राहते. कुंडीतल्या झाडाची मुळे मात्र मूठभर मातीत असतात आणि त्या मातीला चारी बाजूंनी गार हवा लागते. पातळ पिशवीतले रोप तर जवळजवळ उघड्यावरच असते. त्यात झाडाची मुळे शेंड्यापेक्षा नाजूक. शेंडा करपला तर खालून फुटवा येतो, मुळे गेली तर काहीच उरत नाही.

पण कुंडीची एक गोष्ट सोयीची. रानातले झाड उचलून पडवीत आणता येत नाही, कुंडी आणता येते. फक्त ती कोणत्या संध्याकाळी आणायची, एवढे ठाऊक पाहिजे.

अंदाजातले कोणते आकडे पाहावेत?

शेतकऱ्यांसाठी हवामानाची खास वार्तापत्रे आपल्या देशात १९४५ पासून निघतात. आता कृषी विद्यापीठांतील हवामान केंद्रांकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा तक्ता असतो. २०१९ पासून 'मेघदूत' या मोबाइलवरच्या ॲपमध्येही तो मराठीत मिळतो. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला हे काम नेमून द्या. पाहायचे चार आकडे असे :

पहिला, किमान तापमान. हवामान विभाग सपाट भागात थंडीची लाट केव्हा म्हणतो? पारा १० अंश किंवा त्याखाली असेल आणि शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त घसरला असेल तेव्हा. पारा ४ अंशांवर आला तर नेहमीचा आकडा न पाहताही लाट धरतात.

दुसरा, ढग. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी झाकेल ते सांगतात. शून्य किंवा एक म्हणजे आभाळ निरभ्र. ढग हे जमिनीचे पांघरूण आहे. ते नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते.

तिसरा, वारा. रात्री वारा वाहत असला तर वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते. वारा पडला की गार हवा जड होऊन तळाशी साचते आणि पाण्यासारखी उताराने सखल जागी जाते. म्हणून ओढ्याकाठच्या मळ्यात टेकाडावरल्या वस्तीपेक्षा जास्त गारठा असतो.

चौथा, हवेतला ओलावा, म्हणजे आर्द्रता. दव पडताना हवेत थोडी उष्णता मोकळी होते आणि पारा उतरण्याचा वेग मंदावतो. हवा कोरडी असली तर दव पडत नाही आणि पारा मुकाट्याने खाली जातो. सकाळी पानावर पांढरे काही दिसत नाही, पण पान पोळलेले असते.

किमान तापमान खाली, ढग शून्य, वारा मंद आणि हवा कोरडी अशी चौकडी जुळली की ती रात्र घाताची समजा.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. दिवसातली सर्वांत कमी थंडी-उष्णता पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास नोंदली जाते. तेव्हा तक्त्यात बुधवारपुढे ५ अंश लिहिले असतील तर ते बुधवारच्या पहाटेचे असतात. झाकायचे ते मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी रात्री झाकू म्हणाल तर चुकाल.

केंद्राचा आकडा आणि तुमचे अंगण

हवामान केंद्रात तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. तुमचे रोप असते उघड्या आभाळाखाली, हात-दीड हात उंचीवर. दोन्हीकडचा पारा सारखा कसा असेल? निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत पारा केंद्रापेक्षा तीन-चार अंशांनी खाली असू शकतो. म्हणूनच केंद्रात ४ अंश असतानाही गवतावरचे दव गोठलेले दिसते.

या अभ्यासात एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव जगात घेतले जाते. डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले, की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवरची सर्वांत गार हवा मातीला चिकटून नसते. ती वीत-दोन वीत वर असते. या थराला आज 'रामदास थर' म्हणतात. १९३२ साली पुण्याला हवामान विभागाची कृषी शाखा सुरू झाली, ती त्यांच्याच देखरेखीखाली. पिशवीतल्या रोपाचा शेंडा नेमका याच उंचीवर येतो, हे ध्यानात ठेवा.

यावर उपाय सोपा आहे. एक साधा तापमापक आणा. कुंड्यांच्या मध्ये, पानांच्या उंचीवर, उघड्यावर काठीला बांधा. थंडीच्या आठ-दहा रात्री पहाटे उठून आकडा वहीत लिहा आणि शेजारी अंदाजातला आकडा लिहा. अंदाज ८ आणि तुमच्याकडे ५, अंदाज ९ आणि तुमच्याकडे ६, असे दिसले तर तुमचे अंगण तीन अंशांनी गार आहे. पुढे अंदाजात ६ दिसले की तुम्ही ३ समजा आणि तयारीला लागा.

संध्याकाळची चाचणी

अंदाज पाहिला तरी दिवस मावळताना स्वतः बाहेर या. चांदण्या लख्ख दिसतात का? पिंपळाचे पान हलते का? चुलीचा धूर थोडा वर जाऊन छपराच्या उंचीवर आडवा पसरतो का? धूर असा पसरला म्हणजे वर उबदार आणि खाली गार असे हवेचे थर पडले आहेत. अंदाज आणि अंगण दोन्ही एकच सांगत असतील तर आळस करू नका.

आधी कोणाला आत घ्यावे?

सगळ्या कुंड्या पडवीत मावत नाहीत. पहिला मान पपईचा. तिचे खोड पाणीदार, थंडी मुळीच सोसत नाही. मग आंबा आणि चिकूची लहान कलमे, त्यानंतर कागदी लिंबू आणि कोवळा पेरू. मोसंबी-संत्रा लिंबापेक्षा काटक. पाने गळून निजलेले अंजीर आणि डाळिंब सर्वांत शेवटी. मात्र त्यांना नवी फूट आली असेल तर तीही जपावी लागते.

दुपारपासून करायची कामे

१. दुपारी मातीला पाणी द्या. ओली माती उष्णता जास्त साठवते. कुंडीत पाणी तुंबू देऊ नका आणि संध्याकाळी पाने भिजवू नका.

२. उरलेल्या कुंड्या दगडी किंवा मातीच्या भिंतीला दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूने लावा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. कुंड्या एकमेकींना खेटून, लहान मध्ये आणि मोठ्या कडेला ठेवा. गच्चीच्या कठड्यावरच्या खाली जमिनीवर आणा.

३. कुंड्यांभोवती पाचट, भुसा किंवा पालापाचोळा काठापर्यंत भरा. मुळांना हेच पांघरूण.

४. तुराट्या किंवा बांबूचा सांगाडा करून त्यावर गोणपाट टाका. ते पानांना टेकू नये आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत पोचावे. ऊब खालून, मातीतून येते. नुसता शेंडा गुंडाळून खोडाला दोरी बांधली तर ती ऊब आत शिरतच नाही. झाकायचे ते सूर्य मावळण्याआधी, जमिनीत ऊब असताना.

५. झाकणाच्या आत विहिरीच्या ताज्या पाण्याने भरलेली घागर ठेवा. थंडीत विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. १५ लिटरची घागर २० अंशांवरून ५ अंशांवर निवली तर २२५ किलोकॅलरी उष्णता आत सोडते. गरिबाची ही शेगडी, आणि तिला राखण नको.

काही जण पालापाचोळा पेटवून धूर करतात. पण खरा गुण धुराचा नाही, उष्णतेचा. मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर जाते आणि बाजूने गार हवा आत ओढली जाते. करायच्याच तर लहान लहान शेकोट्या अंतराने करा, पहाटे करा आणि जवळ माणूस बसवा. कडब्याची गंजी आणि गोठा जवळ असेल तर हा नाद सोडा. झाड वाचवताना गोठा गमावू नये.

दुसऱ्या दिवशी

ऊन वर आल्यावर झाकण काढा. प्लॅस्टिकचा कागद वापरला असेल तर विसरू नका. उन्हात आत उकाडा होऊन झाड शिजते. लाट बहुधा दोन-चार दिवस टिकते, म्हणून सांगाडा मोडू नका.

पाने काळी पडली तर लगेच कात्री घेऊ नका. वरची करपलेली पाने आतल्या डोळ्यांना आडोसा देतात. छाटले आणि युरिया दिला तर कोवळी फूट येते आणि पुढच्या लाटेत तीही जाते. थंडी सरेपर्यंत थांबा. फेब्रुवारीअखेर नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. तपकिरी असेल तर हिरव्यापर्यंत छाटा. कलमाचा सांधा मात्र नीट पाहा. फूट सांध्याच्या वर आली तर तुमचा आंबा वाचला. फक्त खाली खुंटालाच आली तर तो आंबा गेला, उरली ती कोय.

तेव्हा दिवाळी झाली की गोणपाट धुऊन ठेवा, तुराट्यांची पेंडी बांधून ठेवा आणि वही खुंटीला टांगा. मंगळवारचा आणि शुक्रवारचा तक्ता घरात सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचा. चार कुंड्या झाकायला दोघांना अर्धा तास पुरतो. बांधावरचा जुना आंबा नातवंडांच्या रानात पुन्हा उभा करायचा असेल, तर थंडीच्या संध्याकाळचा तेवढा अर्धा तास त्याच्यासाठी काढाच.