फाटकाबाहेरचे पालक

लॉस एंजेलिसमध्ये पाऊस तसा कमीच. पण 14 जानेवारी 2019 च्या सोमवारी तो दिवसभर कोसळत होता, आणि त्याच पावसात शहरातले तीस हजारांहून अधिक शिक्षक शाळांच्या फाटकांबाहेर लाल कपड्यांत, हातात फलक धरून उभे होते. 1989 नंतर, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, तिथल्या शिक्षकांनी संप पुकारला होता. त्यांच्याभोवती हळूहळू पालकही जमू लागले. कुणी कॉफी आणली, कुणी डोनट, कुणी मुलांनी रंगवलेले फलक. काही पालक मुलांचा हात धरून शिक्षकांबरोबर चालू लागले.

मग टाकोच्या गाड्या आल्या. टाको म्हणजे मक्याच्या लहानशा भाकरीत भाजी, मांस, चटणी घालून रस्त्यावर उभ्यानं खायचा पदार्थ. लॉस एंजेलिसकरांना तो मुंबईकरांच्या वडापावइतका जवळचा. ‘टाकोज फॉर टीचर्स’ नावाच्या मोहिमेत लोकांनी हजारो डॉलर जमवले आणि भिजणाऱ्या शिक्षकांपर्यंत गरम खाणं पोचवलं. संपाच्या दिवसांचा पगार शिक्षकांना मिळत नव्हता. अशा वेळी पालकानं पुढे केलेली ताटली म्हणजे ‘तुम्ही आमच्या मुलांचे शत्रू नाही’ एवढं सांगणं होतं. संपकरी शिक्षकाला नेमकी हीच धास्ती असते, की आपण मुलांना वाऱ्यावर सोडलं असं लोक म्हणतील.

अमेरिकेत शिक्षकांचे आभार मानायची रीत जुनी आहे. आपल्याकडे 5 सप्टेंबर, तसा तिकडे मे महिन्यात अख्खा आठवडा शिक्षकांचा. फुलं, शुभेच्छापत्रं, खाऊ. हा आठवडा साजरा करते ती पालक-शिक्षक संघटना, म्हणजे पीटीए. 1897 पासून चालत आलेल्या या संघटनेची वेतनाच्या वाटाघाटींत आणि संपात भूमिका मात्र तटस्थतेची असते. पीटीएचं नाव घेऊन कुणाची बाजू घ्यायची नाही. म्हणून ज्यांना बाजू घ्यायची होती, त्या पालकांनी आपापले वेगळे गट बांधले. फुलं देणं सोपं असतं. त्यात कुणाशी वाकडं येत नाही. या पालकांनी त्यापुढची, महागातली पायरी निवडली.

महागातली, कारण शाळा बंद नव्हत्या. प्रशासनानं बदली माणसं आणून वर्ग उघडे ठेवले होते. मुलाला शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं, हे पालकाच्या हातात होतं. कॅलिफोर्निया राज्य शाळांना पैसे देतं ते पटावरच्या नव्हे, तर प्रत्यक्ष हजर असलेल्या मुलांच्या संख्येवर. म्हणजे घरी राहिलेलं प्रत्येक मूल प्रशासनाच्या तिजोरीवर परिणाम करत होतं. जवळपास पावणेपाच लाख मुलांपैकी पहिल्या दिवशी साधारण एक तृतीयांशच शाळेत आली. आठवडा सरता सरता हा आकडा लाखाच्याही खाली गेला. ज्यांच्या घरी दोघंही रोजंदारीवर, त्यांना मूल घरी ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी मुलं शाळेत पाठवली म्हणून त्यांना दोष देता येणार नाही.

गरीब घरांत आणखी एक पेच असतो: दुपारचं जेवण. अनेक मुलांचं दिवसातलं भरवशाचं जेवण शाळेतच होतं. 2018 च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या सर्व 55 काउंट्यांतले शिक्षक संपावर गेले, तेव्हा त्यांनी आधी मुलांसाठी जेवणाची पाकिटं भरली आणि मगच फलक हातात घेतले. 2019 मध्ये, लॉस एंजेलिसपाठोपाठ ओकलंडमध्ये संप झाला, तेव्हा ‘ब्रेड फॉर एड’ नावाची मोहीम याच कामासाठी उभी राहिली: लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि शाळेत न गेलेल्या मुलांना जेवू घालायचं. चर्च आणि समाजकेंद्रांत तात्पुरते वर्गही भरले. कृतज्ञता अशी दोन्ही बाजूंनी वाहिली, म्हणून पालक आणि शिक्षक यांच्यात फूट पडली नाही.

लॉस एंजेलिसचा संप शाळेचे सहा दिवस चालला. 22 जानेवारीला समझोता झाला. त्यात शिक्षकांना 6 टक्के पगारवाढ मिळाली. एवढी वाढ द्यायला प्रशासन संपाआधीच तयार होतं! मग भांडण होतं कशासाठी? वर्गातल्या गर्दीसाठी. काही वर्गांत चाळिसाहून अधिक मुलं बसत होती, आणि करारातल्या एका कलमामुळे प्रशासनाला मुलांच्या संख्येची मर्यादा बाजूला सारता येत होती. अनेक शाळांत नर्स आठवड्यातून एखादाच दिवस यायची. समझोत्यानं ते कलम गेलं, वर्गांतली संख्या टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं, आणि 300 नर्स, 82 ग्रंथपाल व आणखी काही समुपदेशक नेमण्याचं कबूल झालं. पावसात उभ्या राहिलेल्या पालकांना हे ठाऊक होतं. शिक्षक मागत होते ते बरंचसं त्यांच्याच मुलांसाठी होतं.

या कथेला दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी 4 जूनला शहरात शाळांसाठी एका नव्या करावर मतदान झालं: बांधकामाच्या दर चौरस फुटामागे 16 सेंट, 12 वर्षं. त्यातून शाळांना वर्षाला सुमारे 50 कोटी डॉलर मिळाले असते. मंजुरीला दोन तृतीयांश मतं हवी होती. निम्मीही पडली नाहीत. मतदानाला आलेच थोडे. जानेवारीत रस्त्यावर दिसलेली माया जूनमध्ये मतपेटीपर्यंत पोचली नाही. त्या पालकांच्या प्रेमात खोट होती असं नाही, पण शाळेला दर वर्षी लागणारा पैसा खाऊच्या वर्गणीतून उभा राहत नाही.

2023 चा मार्च महाराष्ट्राच्याही लक्षात असेल. 14 ते 20 मार्च ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी संपावर होते. तो मिटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, 21 मार्चला, लॉस एंजेलिसच्या शाळांतले बसचालक, स्वयंपाकघरातल्या बाया, सफाई कामगार, वर्गात मदतनीस म्हणून राबणारी माणसं संपावर गेली. हे जवळपास तीस हजार कामगार. त्यांची सरासरी वार्षिक कमाई 25 हजार डॉलरच्या आसपास असल्याचं त्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं. या वेळी शिक्षकही कामावर न जाता तीन दिवस त्यांच्या बाजूला उभे राहिले. पुढे झालेल्या समझोत्यात या कामगारांना 30 टक्के पगारवाढ मिळाली. त्यांच्यापैकी अनेकांची मुलं त्याच शाळांत, त्याच शिक्षकांच्या हाताखाली शिकत होती.