स्पर्श ओळखणारी भिंत आणि मुंबईची हवा

नाशिक, पुणे वा नागपूरकडील थंडीत रात्री टेरिलीनचा सदरा किंवा लोकरीचा स्वेटर अंगातून काढताना चटचट आवाज होतो आणि दिवा मालवलेला असल्यास बारीक ठिणग्याही दिसतात. बोरिवलीस किंवा मुलुंडला बिऱ्हाड केलेल्या माणसास हा अनुभव क्वचितच येतो, कारण मुंबईची हवा दमट. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु आज जगातील संशोधकांपुढे असलेल्या एका उपयुक्त कल्पनेचे आपल्या उपनगरांतील भवितव्य नेमके याच दमटपणावर अवलंबून आहे.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांस टेकून दूर झाले की एकाच्या पृष्ठभागावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. केस, नायलॉन, मनुष्याची त्वचा ही सहज इलेक्ट्रॉन देणारी; टेफ्लॉन व पीव्हीसी ते घेणारे. यातून साचते ती स्थिर विद्युत. कोरड्या हवेत नुसते चालल्यानेही मनुष्याच्या शरीरावर काही हजार व्होल्ट दाब निर्माण होऊ शकतो. आकडा भयंकर, पण त्यामागील ऊर्जा अगदी अल्प असते. शरीराची विद्युत धारिता साधारण 100 पिकोफॅरड धरली, तर 5,000 व्होल्टला ही ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहून थोडीशीच अधिक भरते. एक वॉटचा दिवा तिच्यावर सेकंदाच्या आठशेव्या भागापुरता लागेल!

अंधेरीच्या पूर्वेस 1973 मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झालेले ‘सीप्झ’ हे क्षेत्र वाचकांना ठाऊक असेलच. अशा उद्योगात स्थिर विद्युत ही शत्रू मानली जाते. आपल्याला झटका जाणवण्यास सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. नाजूक मंडल मात्र त्याच्या कितीतरी कमी दाबाने निकामी होते. म्हणूनच असे सुटे भाग हाताळणारे कामगार मनगटास जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात. हीच शत्रू आता सेवेस लावता येईल काय, असा प्रश्न आहे.

स्पर्शाने चालणारे पडदे उपनगरवासीयांच्या नित्य परिचयाचे झाले आहेत. खिशातील भ्रमणध्वनी काय, लोकल गाड्यांच्या स्थानकांवरील तिकीट यंत्रे काय, बोट लावल्याखेरीज काम होत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यामागील तत्त्व ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्येच मांडले होते. काचेवरील पारदर्शक तारांच्या जाळ्यात यंत्र सतत सूक्ष्म विद्युतसंकेत सोडते. बोट जवळ आले की धारिता बदलते आणि स्पर्शाची जागा कळते. पण कोणी स्पर्श करो वा न करो, ही तपासणी दर सेकंदास अनेक वेळा चालूच राहते. शेवटची लोकल निघून गेल्यावर ओस पडलेल्या फलाटावरही! लहान पडद्यास हा खर्च जाणवत नाही. पृष्ठभाग भिंतीएवढा झाला, की तारा वाढतात, त्यांची धारिता वाढते, आसपासच्या विजेचा उपद्रव वाढतो. 2018 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ व डिस्ने यांच्या संशोधकांनी निकेलयुक्त रंगाचे पट्टे काढून अख्खी भिंत स्पर्शक्षम करून दाखविली. परंतु तेथेही स्पर्श शोधण्यासाठी संकेत सोडावेच लागतात.

स्थिर विद्युतेची रीत उलटी आहे. एक पहारेकरी दर क्षणास “कोण आहे?” म्हणून ओरडत राहतो, दुसरा कडी वाजली की जागा होतो. बोट पृष्ठभागास टेकते व सुटते त्या क्षणी विद्युतभार हलतो आणि खालच्या धातूच्या पट्ट्यांत आपोआप एक स्पंद उमटतो. मोजणारे मंडल तोवर निद्रिस्त असते. स्पंदाने ते जागे होते आणि कोणत्या पट्टीत तो किती प्रबळ आला यावरून जागा ठरविते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथे झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणातून वीज मिळविणारी पातळ साधने 2012 मध्ये प्रसिद्ध केल्यापासून या दिशेने पुष्कळ काम झाले आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. बोट टेकवून तसेच धरून ठेवले, तर स्पंद येत नाही. फक्त येणे व जाणे कळते. तिकिटाचे बटण किंवा दिव्याची कळ यांस हे पुरेसे आहे, चित्र सरकविण्यास नाही.

मोठी अडचण मात्र हवेची. पावसाळ्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते. पृष्ठभागावर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि साचलेला भार त्यावरून निसटतो. त्यात छत्री मिटवून आलेल्या प्रवाशाचे बोट ओले! यावर तोडगा असा, की भार देणारे व घेणारे दोन्ही थर एका बंद पापुद्र्यात ठेवावयाचे. बोटाच्या दाबाने ते आतल्या आत टेकतात व सुटतात; बाहेरच्या ओलीचा त्यांस स्पर्श होत नाही. तांब्याचा मुलामा दिलेला सच्छिद्र कागद व टेफ्लॉन यांच्या अशाच जोडीतून जॉर्जिया टेकमध्ये 2018 साली बाहेरून वीज न घेता आवाज टिपणारे साधन तयार झाले होते. अर्थात पापुद्र्याचे सांधे किती पावसाळे टिकतील, हा खरा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते अशा भिंतीची चाचणी वातानुकूलित प्रयोगशाळेत घेऊन भागणार नाही. ती घाटकोपरच्या फलाटावर जुलैच्या एखाद्या सकाळी, साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान, ओल्या बोटांनी घ्यावी. आणि तीच भिंत पुन्हा जानेवारीत, हवा कोरडी असताना, तपासावी.