दुचाकीचा हेडलाइट दिवसा बंद ठेवणारा स्विच बसवताय? आधी हे समजून घ्या

मुरुड (ता. लातूर) : लातूर-बार्शी रस्त्यावर भर दुपारी दुचाकी घेऊन निघा. समोरून येणारा कोणीतरी हाताची मूठ उघडझाप करून खुणावतोच, ‘लाइट चालू आहे!’ खूण करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण नव्या गाडीला लाइट बंद करायचे बटणच नसते. मग अनेक जण गॅरेज गाठतात आणि ‘एक स्विच टाकून द्या’ म्हणतात. छोटा स्विच, हातभर वायर आणि अर्ध्या तासाच्या आत होणारे काम. पण या स्विचने नेमके वाचते काय आणि जाते काय?

लाइट बंद का होत नाही?

१ एप्रिल २०१७ पासून देशात तयार होणाऱ्या दुचाकींना ‘ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन’ म्हणजेच ‘एएचओ’ बंधनकारक झाले. इंजिन सुरू झाले की हेडलाइट आपोआप लागतो आणि इंजिन बंद केले की विझतो. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने ही शिफारस केली होती. त्याआधीच्या गाड्यांना कंपनीनेच दिलेले बटण आहे. त्यांना हा नियम लागू नाही.

दिवसा लाइट कशासाठी?

हा लाइट चालकाला रस्ता दिसावा म्हणून नाही, तर चालक इतरांना दिसावा म्हणून आहे. समोरून येणारी दुचाकी अरुंद दिसते. ती किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे, याचा अंदाज ट्रक किंवा कारचालकाला पटकन येत नाही. पेटलेला दिवा मात्र लांबूनच नजरेत भरतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते.

मुरुड परिसरात याचे महत्त्व आणखी आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला ओव्हरटेक करणाऱ्याला समोरची दुचाकी शेवटच्या क्षणी दिसते. संध्याकाळी बार्शीच्या दिशेने जाताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तेव्हा पश्चिमेकडून येणारी दुचाकी नुसती काळी सावली वाटते. तिचा दिवा लागलेला असेल, तरच ती वेळेत लक्षात येते.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. कॅनडात डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना दिवसा लागणारे दिवे सक्तीचे आहेत. युरोपीय संघात २०११ पासून नव्या मॉडेलच्या कारना ते बंधनकारक झाले.

स्विच टाकताना काय केले जाते?

हेडलाइटकडे जाणारी वीजपुरवठ्याची वायर शोधून ती मध्येच कापतात. दोन्ही टोके स्विचला जोडतात आणि स्विच हँडलजवळ बसवतात. स्विच बंद केला की दिव्याचा पुरवठा तुटतो. काही मॉडेलसाठी वायर न कापता जोडता येणारे तयार सेटही ऑटो पार्ट्सच्या दुकानांत मिळतात. वायर कापली काय किंवा तयार सेट लावला काय, ‘एएचओ’ निकामी होते ते होतेच.

बॅटरी उतरते का? पेट्रोल जास्त लागते का?

बॅटरी उतरण्याची भीती बहुतांशी गैरसमजातून येते. दिवा इंजिन सुरू असतानाच लागतो आणि तेव्हा मॅग्नेटो वीज तयार करत असतो. काही गाड्यांत तर हेडलाइटला वीज थेट मॅग्नेटोकडून मिळते, बॅटरीचा संबंधच येत नाही.

पेट्रोलचा हिशेब करून पाहू. साध्या दुचाकीत बहुधा ३५ वॅटचा बल्ब असतो. इंजिन आणि मॅग्नेटोमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली, तरी तो तासभर पेटवायला ढोबळमानाने २५ ते ३० मिलिलिटर पेट्रोल पुरते, म्हणजे सुमारे तीन रुपयांचे. तेही दरवेळी वाचत नाही. अनेक दुचाकींतला रेग्युलेटर जास्तीची वीज उष्णतेच्या रूपात वाया घालवतो. अशा गाडीत दिवा बंद केला तरी मॅग्नेटोवरचा भार फारसा कमी होत नाही. एलईडी दिव्याला तर वीज आणखी कमी लागते. साधा बल्ब दिवसभर पेटल्याने लवकर बदलावा लागतो, एवढा खर्च मात्र खरा आहे.

धोका कुठे आहे?

पहिला धोका विसरण्याचा. दुपारी बंद केलेला दिवा दिवेलागणीला सुरू करायचा राहतो. मीटरचा उजेड दिसत असतो आणि रस्ताही अंधुक दिसत असतो, त्यामुळे चालकाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा धोका जोडाचा. ३५ वॅटच्या बल्बमधून १२ व्होल्टला साधारण तीन अँपिअर प्रवाह वाहतो. वायर सोलून, पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड धूळ, पाऊस आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सैल होतो. सैल जोड तापतो, टेप वितळते. रात्री ताशी ६० किलोमीटर वेगात दिवा अचानक गेला, तर एका सेकंदात गाडी १६ ते १७ मीटर अंधारात पुढे गेलेली असते.

तिसरा धोका नव्या गाड्यांना. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ दुचाकींपैकी बहुतेकांत पेट्रोल इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालते. उघडी वायर चेसिसला टेकून मुख्य फ्यूज उडाला, तर दिव्यासोबत गाडीही रस्त्यात बंद पडू शकते. वायरिंग कापल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारली जाऊ शकते, ते वेगळेच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इथे जबाबदार मालक ठरतो. ‘मेकॅनिकने करून दिले’ हे उत्तर पुरत नाही.

कारचे काय?

कारला दुचाकीसारखी ‘एएचओ’ची सक्ती नाही. ज्या कारमध्ये ऑटो हेडलाइट आहे, तिथे उजेड मोजणारा सेन्सर असतो आणि अंधार पडला की दिवे लागतात. ते नको असतील तर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळची दांडी किंवा डॅशबोर्डवरची गोल कळ ‘ऑटो’वरून हलवली की काम होते. वायर कापायची गरज नाही. दिवसाही दिवे लागत असतील, तर सेन्सरवर धूळ, स्टिकर, मोबाइल स्टँड किंवा डॅशबोर्डवर पसरलेले कापड आले आहे का, ते आधी पाहा.

मग करायचे काय?

• दिवसा दिवा डिपरवर ठेवा. समोरच्याला त्रास होतो तो अप्परचा.
• डिपरनेही डोळे दिपत असतील, तर हेडलाइटचा कोन गॅरेजमध्ये नीट करून घ्या. मागे ओझे असले की दिवा वर जातो.
• कोणाची वाट पाहत थांबला असाल तर इंजिन बंद करा. दिवा विझेल आणि पेट्रोलही खऱ्या अर्थाने वाचेल.
• स्विच आधीच बसवला असेल, तर तो काढून मूळ जोडणी सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ववत करून घ्या. टेपवर भागवू नका.
• जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करून दिवा आपोआप लागतो का, ते तपासा. २०१७ नंतरच्या गाडीत तो लागला नाही, तर वायरिंगला हात लागला आहे का, हे विकणाऱ्याला विचारा.