रॅम खातंय कोण : प्रोग्रॅम की विंडोज?

दिवसभर चालू असलेला कॉम्प्युटर संध्याकाळी रडतखडत चालू लागला, की भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांपासून मीरा रोडच्या सीएंच्या ऑफिसांपर्यंत दोनच उपाय ऐकू येतात: ‘फॉरमॅट मारा’ नाहीतर ‘रॅम वाढवा’. दोन्हींना पैसे पडतात, आणि दोष कुठे आहे हे मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. मागून घेतलेली मेमरी काम झाल्यावरही परत करायची नाही, याला मेमरी लीक म्हणतात. हे बिलिंगचा प्रोग्रॅम करतोय की खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम, ते बहुतेक वेळा घरबसल्या कळतं. आड येतात ते गैरसमज.

पहिला गैरसमज, ‘रॅम ऐंशी टक्के भरली म्हणजे लीक आहे.’ एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे असतील तर रॅम भरणारच. लीक ओळखायची ती चढावरून: काम तेच, फायली त्याच, तरी आकडा तासातासाला वर जातो आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी हात लावला नाही तरी खाली येत नाही. लिनक्सवाल्यांनी तर ‘फ्री’चा छोटा आकडा पाहून घाबरूच नये. मोकळी रॅम तिथे फायलींच्या कॅशला दिलेली असते आणि गरज पडताच परत मिळते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: ‘प्रोग्रॅम बंद केला तरी त्याने गिळलेली मेमरी गेली ती गेलीच.’ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रोसेस संपली की तिची स्वतःची सगळी मेमरी विंडोज, लिनक्स, मॅक, सगळेच काढून घेतात. म्हणूनच ही सर्वात सोपी चाचणी ठरते. संशयित प्रोग्रॅम बंद करा. आकडा धाडकन खाली आला तर मेमरी त्याच्याकडेच होती, आणि रोज असाच चढत असेल तर लीकही त्याचीच. फक्त खिडकीवरची फुली दाबून थांबू नका. कितीतरी प्रोग्रॅम मागे चालूच राहतात. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ते नाव दिसेनासं झालं पाहिजे.

त्याच ‘डिटेल्स’मध्ये रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ उघडा आणि ‘कमिट साइज’ (प्रोग्रॅमने मागून घेतलेली एकूण मेमरी) व ‘हँडल्स’ (त्याने उघडून धरलेल्या फायली वगैरेंची संख्या) यांवर खूण करा. नेहमीच्या मेमरीच्या रकान्यावर विसंबू नका, कारण तो त्या क्षणी रॅममध्ये किती आहे तेवढंच सांगतो. लीक झालेल्या मेमरीला कुणी पुन्हा हात लावत नसल्याने विंडोज ती डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सरकवू शकते. मग तो रकाना शांत दिसतो आणि ‘कमिट साइज’ मात्र चढत असतो. दर तासाला ‘कमिट साइज’ आणि ‘हँडल्स’चे आकडे कागदावर उतरवा. दिवसाअखेरीस चोर नावानिशी सापडतो.

आता समजा, सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी मेमरी परत येत नाही. तेव्हा ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरीखालचा ‘नॉन-पेज्ड पूल’ पाहा. साध्या कॉम्प्युटरवर तो सहसा काहीशे एमबी असतो. तो वाढत वाढत काही जीबींवर गेला तर संशय कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर आणि त्यातही बहुधा एखाद्या ड्रायव्हरवर. ‘मग विंडोजच खराब’ हा निष्कर्ष इथेही घाईचा होतो, कारण नेटवर्क कार्डाचा किंवा अँटीव्हायरसचा ड्रायव्हर बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमधला ‘पूलमॉन’ चालवून ‘बी’ दाबलं, की सर्वाधिक मेमरी धरणारा चार अक्षरी टॅग वर येतो. तो टॅग ड्रायव्हरच्या फायलींत शोधला की बऱ्याचदा मालक कळतो.

दोष खरोखर मायक्रोसॉफ्टचाही असतो. मार्च 2024 च्या सुरक्षा अपडेटनंतर कंपन्यांच्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरवर ‘एलसॅस’ ही लॉगिन तपासणारी प्रोसेस मेमरी गिळू लागली आणि काही सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. 22 मार्चपासून तातडीची दुरुस्ती आली. हे घडलं ते कर्नलमध्ये नव्हे, विंडोजच्याच एका प्रोसेसमध्ये. म्हणून यादीत विंडोजची नावं दिसली तरी त्यांना संशयातून वगळू नये.

‘रात्री शटडाउन करतो, म्हणजे सकाळी सगळं स्वच्छ’, हेही तितकंसं खरं नाही. विंडोज 8 पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाउन करताना कर्नलची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तशीच परत उचलली जाते. ड्रायव्हरची लीक असेल तर तीही परत येऊ शकते. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र कर्नल नव्याने सुरू होतो.

राहता राहिला रॅम वाढवण्याचा उपाय. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने 26 ऑक्टोबर 1992 ला नवी संगणक यंत्रणा पूर्णपणे सुरू केली आणि 4 नोव्हेंबरच्या पहाटे ती बंद पडली. प्रत्येक रुग्णवाहिका पाठवताना फाइल सर्व्हरची थोडी मेमरी अडकून राहत होती. सुमारे तीन आठवडे आधी, म्हणजे यंत्रणा पूर्णपणे सुरू होण्यापूर्वीच, चुकून राहून गेलेला कोडचा एक तुकडा त्याला कारण होता, आणि तेवढ्या काळात मेमरी हळूहळू भरली. तिथे जास्त मेमरी असती तर हीच पहाट आणखी काही आठवड्यांनी उगवली असती.

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी तो कागद तयार ठेवा: प्रोसेसचं नाव, वेळ, कमिटचा आकडा. बिलिंगचा प्रोग्रॅम दोषी निघाला तर तोच कागद तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याला पाठवा आणि दुरुस्त आवृत्ती मागा. ती येईपर्यंत दुपारी एकदा प्रोग्रॅम पूर्ण बंद करून उघडला तरी काम भागतं. ड्रायव्हर दोषी असेल तर तेवढाच बदला. फॉरमॅटनंतर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला, तर लीकही पुन्हा सुरू होते.